संडास ओढायची गाडी

गाडीच्या दुकानातला पोरगा मला म्हणाला, "दादाजी, गाडी का यूज़ क्या रहेगा?"

मी म्हणालो, "संडास ओढायचा आहे."

त्याच्या हातात माझ्यासाठी आणलेला पाण्याचा ग्लास होता, तो तसाच हवेत राहिला. माझा मुलगा शेजारच्या खुर्चीवरून उठला आणि काचेच्या दाराजवळ जाऊन रस्त्याकडे बघायला लागला, जसा काही तो दुसऱ्याच कोणाच्या बापासोबत आला होता. मी खोटं बोललो नव्हतो. चौथी नापास माणूस आहे मी, जे असतं ते सांगतो. शिकलेल्या माणसाने हेच काम घोळवून घोळवून सांगितलं असतं आणि शेवटी संडासच ओढला असता.

झालं असं होतं की आमच्या घरचीचे गुडघे गेले. गेले म्हणजे वाकायचेच बंद झाले. बुरहानपूरजवळच्या आमच्या जैनाबादच्या घरात मी तिच्यासाठी खुर्चीचा संडास बसवून घेतला, तेव्हापासून ती घर सोडून कुठे रात्र काढायला तयार होईना. लग्नाला जायची, पण सकाळपासून पाणी प्यायची नाही आणि अक्षता पडल्या की परत. लोकांना वाटायचं, म्हातारीला गर्व चढला. तिला गर्व नव्हता, तिला घाई होती.

तिची धाकटी बहीण बडवाहजवळ नर्मदेकाठच्या एका गावात असते. तिला लकवा मारला, एक अंग गेलं. ती इकडे येऊ शकत नव्हती आणि ही तिकडे जात नव्हती, कारण बहिणीच्या घरचा संडास परसात, पायऱ्या उतरून, आणि तोही उकिडवं बसायचा. पण हे बहिणीला सांगायचं कसं? म्हणून ही फोनवर सांगायची, "इकडे केळीची कटाई चालू आहे गं, हे एकटे पडतात." वर्षभर कटाई. दुसऱ्या वर्षीही कटाई. एके दिवशी बहीण तिकडून म्हणाली, "तुमच्याकडची केळी संपतच नाहीत का गं? मी संपायची वेळ आली."

हिने फोन ठेवला आणि तूरडाळ निवडायला बसली. निवडलेलीच डाळ पुन्हा निवडत होती. मी ओसरीवरून बघत होतो. मी म्हणालो, "तुझा संडास आपण सोबत नेऊ."

तिने माझ्याकडे बघितलं, जसं उन्हाळ्यात ऊन लागलेल्या माणसाकडे बघतात.

मी असलं चाकांवरचं घर बघितलं होतं. असीरगडच्या खाली ढाब्यावर इंदूरकडचे कोणी नवरा-बायको आले होते, त्यांच्या गाडीमागे पांढरा डबा जोडलेला. आत पलंग, चूल, मोरी, संडास, सगळं. मी विचारून आत जाऊन बघून आलो. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, बाबा, त्यापेक्षा तिकडे एक चांगलं हॉटेल घेऊन देतो. तो शाळेत मास्तर आहे, पण काही गोष्टी शाळेत शिकवत नाहीत. सख्ख्या बहिणीच्या गावी जाऊन हॉटेलात झोपायचं? मग त्या बहिणीने गावात तोंड कसं दाखवायचं? डबा घेऊन गेलो तर तिच्या अंगणात उभा राहतो. झोपलो तिच्याच दारात, हे तर कोणी नाकारू शकत नाही.

डबा मी लालबागच्या रस्त्यावरच्या एका वेल्डरकडून बनवून घेतला. हा माणूस जन्मभर केळीच्या ट्रॉल्या बनवत आलेला. त्याला मोबाईलवर फोटो दाखवला तर म्हणाला, होऊन जाईल, छप्परवाली ट्रॉलीच तर आहे. ट्रॉलीला दार मागे असतं म्हणून त्याने दार मागे ठेवलं. दाराजवळ संडास, कारण रात्री उठलं की जवळ पडावा. संडासाच्या डोक्यावर पाण्याची टाकी. पुढच्या खिडकीशी पलंग. मला सगळं बरोबर वाटलं. जैनाबादचे लोक बघायला आले आणि प्रत्येक जण संडासावर एकदा बसून गेला, कपड्यांसकट. एक जण तर तिथे बसून निवडणुकीबद्दल बोलत बसला, त्याला उठवावं लागलं.

आता राहिली ओढणारी गाडी. इथे मुलाने आपला मुद्दा काढला. काही महिन्यांपूर्वी मी त्याच्या कारने आमच्या फाटकाचा खांब पाडला होता. खांब चुकीच्या जागी होता, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. तो म्हणाला, "बाबा, गाडी घ्या. एक फेरी मावशीकडे करा. पण वाटेतून एकदा जरी फोन आला की ये, मदत कर, तर चावी माझ्याकडे. मग गाडी विकायची आणि डब्यात खताची पोती ठेवायची."

मी म्हणालो, मंजूर.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. तिने ऐकलं होतं. माझी चावी गेली तर तिची बहीण गेली, इतका तो सरळ हिशोब होता.

गाडी निवडायची अक्कल मला बापाने दिली, बैलबाजारात. बाप म्हणायचा, जो बैल मालक फार वाखाणतो तो सोडून दे. आणि शिंगं बघू नको, शिंगं रंगवता येतात. दुकानातला पोरगा मला सगळी शिंगंच दाखवत होता. ही स्क्रीन, हे गाणं, हे छप्पर उघडतं. मी म्हणालो, छप्पर उघडून काय करू, बुरहानपूरचं ऊन आत घेऊ? मी गाडीच्या मागे गेलो आणि पांढऱ्याशुभ्र फरशीवर पाठीवर झोपून खाली सरकलो. खालून बघितल्याशिवाय ओढणाऱ्या जनावराचं काही कळत नाही. सांगाडा सलग आहे का, मागचा दांडा किती जाड, हूक लावायला जागा कुठे. दोन सेल्समन धावत आले, त्यांना वाटलं म्हातारा पडला. माझा मुलगा दारातून रस्त्यावर गेला.

भावाची वेळ आली तेव्हा टाय लावलेला मॅनेजर आला. मी सवयीने खांद्यावरचा गमछा काढून त्याच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली. बैलबाजारात भाव असाच होतो, गमछ्याखाली, बोटांनी, म्हणजे आजूबाजूच्यांना कळत नाही. मॅनेजरने हात असा ओढून घेतला की टेबलावरची पेनं पडली. बिचारा बाहेरगावचा असेल. मग सगळ्यांसमोर मोठ्याने भाव करावा लागला, मला आजपर्यंत ते नागवं वाटतं.

पण त्याआधी मी गाड्या चढावर नेल्या होत्या. राजघाटाकडून तापीवरून वर येणारा रस्ता आहे ना, तिथे मधोमध गाडी उभी करायची, ब्रेक लावायचा आणि पुन्हा उचलायची. मागे सिमेंटच्या गोण्या टाकून घेतल्या होत्या. बापाचं म्हणणं होतं की सपाटीवर सगळेच बैल चालतात, चढावर जो बसतो तो घरी आणू नये. पहिली गाडी दिसायला नवरदेव, चढावर बसली. चाकं नुसती गरगर. दुकानातला पोरगा मागच्या सीटवर देवाचं नाव घेत होता. दुसरी उठली, पण कण्हत. तिसरी जुन्या घडणीची, पांढरी, चार दारांची, मागे उघडा हौदा, चारही चाकांना जोर देणारा वेगळा लहान दांडा. तिने गोण्या उचलल्या आणि काही बोललीच नाही. मला न बोलणारी जनावरं आवडतात. घरात एकही नाही.

घरचीने फक्त एक बघितलं. सीटवर चढता येतं का. नाही आलं. मी वेल्डरकडून पायरी लावून घेतली, बसच्या पायरीसारखी. ती चढली, बसली, समोर बघितलं आणि म्हणाली, "रस्ता दिसतो." तिच्या तोंडून ही फार मोठी तारीफ आहे.

मग नदीकाठच्या मोकळ्या पडीत सराव. डबा जोडलेली गाडी मागे घ्यायची असेल तर स्टेअरिंग उलटं फिरवायचं, डबा डावीकडे न्यायचा तर उजवीकडे. केळीच्या बागेत ट्रॉली मागे घेऊन घेऊन माझ्या हातांना ते पाठ आहे. मुलगा म्हणाला, बघू. तो मास्तर, त्याने आधी खिशातून कागद काढून बाणांचं चित्र काढलं, मग बसला. डबा निंबाला लावला. पुन्हा एकदा लावला, त्याच निंबाला. मी फक्त निंबाची साल कुठे सोलली ते हात फिरवून बघितलं, सावकाश, त्याला दिसेल असं.

निघायचा दिवस आला. आमच्याकडे बहिणीच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत आणि आमच्याकडे हात भरायचे म्हणजे केळी. पिकायला आलेले घड मी आमच्याच बागेतून काढले. गल्लीतल्या लोकांनीही दिले, कारण इतक्या वर्षांनी म्हातारी माहेरच्या माणसाला भेटायला चालली. बुधवाऱ्याच्या बाजारातून दराबा घेतला, आमच्याकडची मिठाई, तो एवढासा. घड मात्र डब्यात दाराजवळ रचत गेलो, संडासाच्या दोन्ही बाजूंनी. ही अंगणात उभी राहून बघत होती. हिचा बाप जन्मभर कापसाच्या गाड्या जिनिंगला हाकत होता, त्यामुळे गाडी भरताना हिला गप्प राहता येत नाही.

"मागे फार होऊन राहिलं," ती म्हणाली.

मी म्हणालो, जनावराच्या मानेवर ओझं टाकायचं नसतं. माझ्या बापाच्या बैलांच्या मानेला कधी जखम झाली नाही, कारण तो ओझं मागे ठेवायचा. ती म्हणाली, तुमच्या बापाची गाडी चालायची किती, घरापासून शेतापर्यंत. मी म्हणालो, बापाचं नाव काढू नको. ती म्हणाली, मी काढलं नाही, तुम्हीच काढलं. मग आम्ही गाडीत बसलो.

पूल ओलांडला, शहर मागे पडलं आणि निंबोला आलं. तिथे आमचे व्याही, सुनेचे वडील, रस्त्यावर हात पसरून उभे. व्याह्याच्या दारावरून चहा न घेता गेलं तर ते पुढच्या पिढीपर्यंत काढतात. चहा झाला. तेवढ्यात त्यांनी आपल्या मजुरांकडून डब्यात घड चढवले, माझ्यापेक्षा जास्त, माझ्यापेक्षा मोठे, आणि मला ऐकू जाईल असं म्हणाले की जैनाबादची केळी जरा बारीकच राहतात. मी म्हणालो, व्याहीबुवा, पुरे. ते म्हणाले, आमच्या जावयाच्या मावशीकडे जातं, तुम्हाला काय करायचं. व्याह्याने दिलेलं परत करता येत नाही. तुम्हाला माहीत नसेल तर करून बघा, मग पोराचं लग्न झालेलं आहे की मोडलेलं ते लवकर कळेल.

दार बंद होईना. खांद्याने ढकलून कडी लावली.

घाटाचा चढ गाडीने असा घेतला की मला वाटलं बापाला दाखवावं. असीरगड उजव्या हाताला उन्हात चमकत होता. मी हिला म्हणालो, बघ. ती म्हणाली, किल्ला काय बघायचा, रस्त्याकडे बघा. चढ संपला, उतार लागला, रस्ता मोकळा होता आणि मी जरा पाय दाबला.

आधी गाडीचं ढुंगण हलल्यासारखं वाटलं. मी आरशात बघितलं तर डबा रस्त्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जात होता, खुशीत आलेल्या कुत्र्याच्या शेपटीसारखा. स्टेअरिंग माझ्या हातात हलकं झालं, जसं काही पुढची चाकं जमिनीवर नाहीतच. मी ब्रेककडे पाय नेला. हिने माझ्या मांडीवर असा हात मारला की पाय आपोआप वर आला.

"दाबू नका. पाय काढून घ्या. चाक सरळ धरा," ती म्हणाली, आवाज न चढवता, जसं पोळी उलटायला सांगते.

मी सरळ धरलं. समोरून ट्रक येत होता, त्याचा हॉर्न अंगावरून गेला. शेपटी एकदा जोरात हलली, मग जरा कमी, मग अजून कमी. गाडी हळू झाली आणि मी ती रस्त्याच्या कडेला, सागाच्या झाडांखाली, सपाट जागेवर घेतली. इंजिन बंद केलं. हात स्टेअरिंगवरून निघत नव्हते. मी म्हणालो की रस्ता खराब आहे.

ती म्हणाली, "गाडी उलाळ झाली."

ज्यांनी बैलगाडी हाकली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागे वजन जास्त झालं की गाडीचा पुढचा भाग वर उचलला जातो, जू बैलाच्या मानेवरून उठतं आणि जनावराचा गळा आवळतो. त्याला उलाळ म्हणतात. मी म्हणालो, इथे बैल कुठे आहे? ती म्हणाली, "बैल तुम्ही."

मग तिने आपला मोबाईल काढला आणि तो पदराने पुसत बसली. आम्हा दोघांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. मुलाला फोन केला तर तो तासाभरात येईल, चांगला पोरगा आहे, येईलच. आणि चावी घेऊन जाईल. मावशीकडे तो हिला कारने नेईल, दुपारी पोहोचवेल, संध्याकाळी परत आणेल, आणि ही दिवसभर पाणी पिणार नाही. समोर डोंगर उतरत गेला होता, त्याच्या पलीकडे नर्मदा होती, आणि मागे संडासाला केळी लावलेली.

ती म्हणाली, "पुढे टाका सगळं. पलंगावर. मान जड करा, गाडी सरळ चालेल."

मी म्हणालो, मी नाही करणार. हूक तुटेल. पन्नास वर्षं संसार केला आणि आता हिने मला गाडी भरायला शिकवावी? मी हौद्याला टेकून उभा राहिलो, हाताची घडी घातली आणि झाडांकडे बघू लागलो. ती पायरी धरून खाली उतरली, काठीवर, एकेक पाऊल, गुडघ्यांना शिव्या देत. डब्याच्या मागे गेली. कडी काढली. दार उघडलं तसा एक घड आपोआप बाहेर पडला.

मी बघत नव्हतो, पण दिसत होतं. ती घडाला धरून ओढत होती. तो हलत नव्हता, व्याह्याचा होता. ती थांबायची, श्वास घ्यायची, परत ओढायची. मी मनात म्हणालो, कर, कळेल.

इतक्यात झाड हललं. मग बाजूचं झाड हललं. काळ्या तोंडाची वानरं, लांब शेपटाची, एकेक करून खाली उतरली आणि रस्त्याच्या कडेला बसली, जसे पंगतीला बसतात. मोठा हुप्प्या सर्वांत पुढे. त्याने खाली पडलेल्या घडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्याबद्दल त्याचं काय मत झालं ते त्याच्या तोंडावर दिसलं, आणि तो चालत पुढे आला. पळत नाही. चालत.

व्याह्याची केळी माकडाने खायची? निंबोल्यात हे कळलं असतं तर माझं काय राहिलं असतं? मी तिथून जो धावलो, या वयात, गमछा फिरवत. हुप्प्याने दात दाखवले. मी पण दाखवले, जेवढे आहेत तेवढे. खाली पडलेला घड उचलून आत फेकला आणि आत चढलो. दाराजवळची केळी वाचवायची तर ती दारापासून दूरच न्यायला पाहिजेत, हे कोणालाही कळेल. मी एकेक घड उचलून आत, पुढे, खिडकीशी, पलंगावर रचायला लागलो. ही दारात काठी आपटत उभी होती. एक फणी हुप्प्याने नेलीच, मुनीम हप्ता नेतो तशी.

"अजून पुढे," ती बाहेरून म्हणाली.

"माकडं आहेत म्हणून करतो आहे," मी आतून म्हणालो.

"हो. माकडांसाठीच करा."

मग तिने मागच्या, संडासावरच्या टाकीचा नळ सोडला. मी म्हणालो, पाणी कशाला घालवते? ती म्हणाली, वानरं पाण्याला भितात. वानरं त्या पाण्यात हात धुवत होती. पण टाकी रिकामी होईपर्यंत तिने नळ बंद केला नाही.

माझं म्हणणं आजही तेच आहे. मी त्या दिवशी केळी माकडांपासून वाचवली. वजन पुढे गेलं ते त्या कामात गेलं.

गाडी चालू केली. उतारावर हळूच सोडली, मग जरा अजून. आरशात बघितलं. डबा असा मागे येत होता, जशी नवी नवरी चालते, ना इकडे ना तिकडे. तिने एक केळं सोलून अर्धं मला दिलं. जैनाबादचं होतं. बारीक असेल, गोड होतं.

खंडवा मागे टाकलं तेव्हा तिचा फोन वाजला. मुलाचा. त्याने स्वतः केला होता, आम्ही नव्हता केला, हे लक्षात ठेवा. तिने तो स्पीकरवर टाकला आणि मांडीवर ठेवला.

"आई, सगळं बरोबर ना?"

ती माझ्याकडे बघत होती. मी रस्त्याकडे. माझी सगळी चावी त्या वेळी तिच्या जिभेवर होती.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

"कुठे थांबला होता का? तुमच्या व्याह्यांचा फोन होता, म्हणे अजून पोहोचले नाहीत का."

"थांबलो होतो. मला वानरं बघायची होती."

"वानरं?"

"का, मी बघू नये? किती वर्षांनी घरातून निघाली आहे मी."

तो मग म्हणाला, "बाबा नीट चालवतात ना?"

"आता चालवतात," ती म्हणाली आणि फोन बंद केला. थोडं पुढे गेल्यावर, सनावद यायच्या आधी, समोर बघतच म्हणाली, "खोटं बहिणीसाठी बोलली. तुमच्यासाठी नाही."

बहिणीच्या गावची गल्ली अरुंद. लोक जमले. कोणी म्हणालं, काका, डबा बाहेरच राहू द्या, आत जाणार नाही. त्याला काय माहीत. मी उलटं स्टेअरिंग फिरवलं आणि डबा एका झटक्यात अंगणात, तुळशीच्या ओट्यापासून हातभर अंतरावर. ओट्याला ओरखडा नाही. मी खाली उतरलो तेव्हा मुलाने हे बघायला पाहिजे होतं असं मला फार वाटलं.

मेहुणी बाजेवर बसली होती. लकव्याने तिचं तोंड एकीकडे ओढलेलं, शब्द एका बाजूने घसरतात, पण टोमणा सरळ येतो. डब्यात डोकावून म्हणाली, "जिजाजी, लोक बहिणीसाठी साडी आणतात. तुम्ही संडास आणला."

घरचीने तेव्हा तिला सांगितलं, कटाई कशाची होती ते. सगळ्यांसमोर नाही, कानाशी. मेहुणीने ऐकलं आणि चांगल्या हाताने हिच्या पाठीत एक धपका घातला. मग तोच हात तिच्या पाठीवर राहिला. मी आणि साडू तिथून उठून ओट्यावर जाऊन बसलो, कारण बायका रडायला लागल्या की केळी खायला जागा राहत नाही.

नंतर कळलं की त्या परसातल्या पायऱ्यांनी मेहुणीलाही छळलं होतं, सून धरून नेते तेव्हा जाता येतं. हेही तिने बहिणीला फोनवर कधी सांगितलं नव्हतं. आम्ही तिथे होतो तोवर तिची सून आणि घरची मिळून तिला डब्यात न्यायच्या आणि मग दोघी बहिणी आत दार लावून बसायच्या, पलंगावर, व्याह्याच्या केळ्यांमध्ये. आतून हसण्याचा आवाज यायचा. मी हौद्यात गादी टाकून बाहेर झोपायचो. माझ्या गाडीने ओढलेल्या घरात मला जागा नव्हती. निघताना साडूने त्याच वेल्डरचा पत्ता विचारला. डब्यासाठी नाही, खुर्चीच्या संडासासाठी. मी म्हणालो, तो लागतो दुकानात, वेल्डर कशाला? आणि पुढच्या फेरीला मी घेऊन येतो असं मीच बोलून बसलो.

परत आलो तेव्हा मुलगा अंगणात उभा होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, टायर बघितले, दिवे बघितले, खांबाकडे बघितलं. सगळं जागच्या जागी. हसला. हरलेल्या माणसाने हसावं तसं नाही, बरं वाटलेल्या माणसासारखं, तेही मला जरा लागलंच. म्हणाला, "ठीक आहे बाबा. चावी तुमची."

मी खिशात हात घातला. नव्हती. दुसऱ्या खिशात नव्हती. गाडीत बघितलं, नव्हती.

घरची नळावर पाय धूत होती. पदराच्या टोकाला गाठ होती, आणि गाठीतून चावीचं तोंड बाहेर आलेलं.

"ही माझ्याकडे राहील," ती म्हणाली. "चालवतील हेच. पण निघायचं कधी ते मी सांगेन."

मी वाद घातला असता तर वानरांचा विषय निघाला असता.

आता आमचं निघायचं असं असतं. मी डबा जोडायला काढतो, सामान चढवतो, मला पाहिजे तिथे ठेवतो, कारण मान हलकी पाहिजे हे माझं मत मी सोडलेलं नाही. मग ती काठी टेकत अंगणात येते, डब्याच्या पुढच्या, हुकात अडकवायच्या कडीखाली दोन्ही हात घालते आणि उचलून बघते. कडी उचलली गेली तर नाही म्हणून मान हलवते आणि आत जाऊन सामान पुढे सरकवायला लागते. जागची हलली नाही तरच पदराची गाठ सोडते.

तेव्हा मी तिकडे बघत नाही. मी गाडीच्या दुसऱ्या बाजूला टायरची हवा बघत असतो.